पुढच्या ब्रेकचा नट

एजंटानं माझ्या धाकट्या भावाला फसवलं, आणि त्या फसवणुकीचा सौदा मी ठरवला होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एक सांगायची आणि दुसरी गिळायची असेल तर लिहायला बसण्यात अर्थ नाही. नावं मात्र कुणाचीच लिहीत नाही. ज्याच्याबद्दल आहे त्यानं वाचलं की तो ओळखेल.

नळदुर्गला हायवेच्या कडेला माझं जुन्या मोटारसायकलींचं शेड आहे. सुरुवात ढाब्यासमोर ट्रकचे पंक्चर काढण्यापासून झाली. मागं कुणी नव्हतं. एक जळालेली गाडी भंगारवाल्याशी घासाघीस करून घेतली, तीन महिने रोज थोडी थोडी उभी केली आणि विकली. तिथून पुढं आज पत्र्याखाली वीस-बावीस गाड्या असतात. सौद्यात मला हरवलेला माणूस या पट्ट्यात सापडणार नाही, हे मी बढाई म्हणून लिहीत नाही. गिऱ्हाईक गाडीकडं बघत असतं तेव्हा मी गिऱ्हाइकाच्या पायाकडं बघतो. गाडी मनात भरली की माणूस तिथून पाय काढत नाही, तोंडानं कितीही नावं ठेवू दे. रागाचंही खोटं सांगत नाही. मी पाना फेकून मारल्याच्या गोष्टी माझे जुने कामगार अजून चहावर सांगतात, आणि त्या खऱ्या आहेत.

आमच्या शेडात गाडी विकली गेली की तीन गोष्टी होतात. गाडीला हळदकुंकू लावायचं, चाकापुढं नारळ फोडायचा आणि पुढचा ब्रेक ढिला करून द्यायचा. तिसरी गोष्ट गिऱ्हाईकच मागून घेतं. पुढचा ब्रेक लावला की गाडी पलटी खाते, माणूस हँडलवरून पुढं फेकला जातो, हे आमच्याकडं गाडी शिकण्याच्या आधीपासून माहीत असतं. बाप पोराला सायकलवर बसवतानाच सांगतो, "पुढचा दाबू नगं." मग मोटारसायकल घेतल्यावर धोका कशाला? पुढच्या चाकापाशी केबलच्या टोकाला एक नट असतो. तो चार आटे मागं घेतला की उजव्या हातातला ब्रेक नुसता शोभेला राहतो. हे काम मी कामगारावर सोडत नसे. शेवटचा हात मालकाचा, म्हणून मीच वाकायचो. गिऱ्हाईक ब्रेक दाबून बघायचं, पोकळ लागला की हसायचं. "आता कसं! आता घरची बी बसंल मागं."

माझ्या भावालाही मी तशीच गाडी दिली. त्याचा नटही मीच ढिला केला.

वडील गेले तेव्हा आईनं त्याला आळंदकडच्या मामाकडं ठेवलं होतं. तिथं तो कानडी शाळेत शिकला. मोठा होऊन परत आला, लग्न झालं, एक मुलगी झाली, पण सही शेवटपर्यंत कानडीतच करत राहिला. स्वभावानं माझ्या उलट. भाजीवालीनं सांगितला तो भाव देऊन पिशवी उचलणारा माणूस. दहा वर्षं तो बिनलायसनची गाडी चालवत होता, आमच्याकडं निम्मं गाव चालवतं तशी. मग त्याला पार्सलं पोचवायचं काम मिळालं. अणदूर, जळकोट, मधल्या वस्त्या. कंपनीनं लायसन मागितलं.

माझ्या शेडासमोर झेरॉक्सचं दुकान टाकून बसलेला एक माणूस लायसनची कामं करतो. त्यालाच आम्ही एजंट म्हणतो. मी भावाला घेऊन त्याच्याकडं गेलो. लायसनसाठी कॅम्प भरतो, कुठल्या गावी ते लिहीत नाही. तिथली रीत अशी, की एका दिवशी दोन तास गाडी सुरक्षित चालवण्याचा वर्ग आणि दुसऱ्या दिवशी मैदानावर आठच्या आकड्यात गाडी फिरवून दाखवायची.

"दोन हेलपाटे लागतेत, मालक," एजंट म्हणाला.

"दोन कशाला? माझ्या माणसाचं एकाच हेलपाट्यात झालं पायजे."

"वर्गाला बसावं लागतंय. हजेरी असती. सही करावी लागती."

"दहा वर्षं गाडी चालवतोय तो. त्याला काय शिकवणार तिथं?"

एजंटानं कान खाजवला. "बरं, वर्गाचं मी बघतो. तुमी निस्तं टेस्टला आणा."

"आन् आल्या आल्या नंबर लागला पायजे. उन्हात उभं करायचं न्हाय."

"तुमच्यापुढं आपलं काय चालतंय का?" असं म्हणून तो हसला, आणि मी जिंकलो असं मला वाटलं. त्यानं मला दिलं काय तर त्याच्या खिशाला एका पैशाची तोशीस नसलेली गोष्ट, हे माझ्यासारख्या माणसाच्या ध्यानात यायला हवं होतं.

भावानं फॉर्मवर सही केली. एजंट वाकून बघत म्हणाला, "ही काय जिलेबी काढली राव?"

"कानडी हाय," भाऊ म्हणाला. "मामाकडं शिकलाव."

"खाऊ वाटायली बघा," एजंट म्हणाला, आणि आम्ही तिघंही हसलो.

टेस्टच्या दिवशी सकाळी दहाला आमचा नंबर लागला. मैदानावर चुन्यानं आठ काढलेला होता. भावानं त्यात दोनदा पाय टेकला. खुर्चीवरच्या साहेबांनी मान वर केली, एजंट त्यांच्या कानाशी काहीतरी बोलला, मान खाली गेली. झालं. पलीकडं पत्र्याच्या हॉलमध्ये पुढच्या लोकांचा वर्ग चालू होता. कुणीतरी मोठ्या आवाजात समजावत होतं आणि लोक हसत होते. भाऊ खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

"दादा, बसू का जरा आत? काम तर लवकर झालं की आपलं."

"पाट्या दावायलेत निस्त्या," मी म्हणालो. "इथं बसायचं व्हतं तर एक हेलपाटा वाचवला कशाला? चल."

तो आला. माझ्या शब्दापुढं तो कधी गेला नव्हता, तिथंही गेला नाही.

त्यानंतर आठवा महिना. उसाचे दिवस होते. दुपारी जळकोटकडून येताना त्याच्यापुढं उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर होता. ट्रॅक्टरवाल्यानं हात न दाखवता ढाब्याकडं वळवलं. मागची ट्रॉली रस्त्यात आडवी आली. भावाच्या डोक्यावर हेल्मेट होतं, कंपनीनं दिलेलं. ते तसंच राहिलं, ओरखडासुद्धा नाही. छाती ट्रॉलीच्या चाकापाशी सापडली होती. सोलापूरला पोचेपर्यंत संपलं.

तिसऱ्या दिवशी राख सावडून मी एकटाच त्या जागी गेलो. रस्त्यावर टायरची काळी रेघ उठलेली होती. सुरुवातीला सरळ, पुढं डावीकडं वाकडी होत गेलेली. मी तिच्या कडेनं चालत पावलं मोजली. का मोजली ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. धंद्याची सवय असेल. सव्वीस भरली, आणि सव्विसाव्या पावलाला डिझेलचा डाग होता. एवढंच मनात आलं, की बिचाऱ्यानं ब्रेक तर चांगला दाबला होता. मग आणखी काय करायचं होतं त्यानं? सगळा राग मी ट्रॅक्टरवाल्यावर धरला आणि पुढचं वर्षभर त्यालाच शिव्या देत राहिलो.

माझी भावजय आरोग्य खात्यातली आशाताई आहे. वाड्या-वस्त्यांवर गरोदर बायकांची, लहान लेकरांची नोंद ठेवायची, त्यांना दवाखान्यात न्यायचं. आधी भाऊ तिला सोडायचा. वर्ष झाल्यावर तिनं एक दिवस शेडात येऊन सांगितलं, "भावजी, मला स्कूटी पायजे. लायसन काढायलेय मी."

"घरात पुन्हा गाडी नको," मी म्हणालो.

"रोज चार कोस कोण चालतंय? तुमी?"

"मी जीपवाल्याला सांगतो."

"जीपवाला वस्तीवर येत न्हाय. आन् वर्गाला म्या सवता बसणार. समोरच्या दुकानात पाय ठेवणार न्हाय." एवढं बोलून ती गेली. तिनं विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

मी तिला घेऊन गेलो. वर्गाच्या दिवशी बाहेर उभं राहायचा माझा विचार होता, पण ऊन होतं, म्हणून आत मागच्या बाकावर बसलो. शिकवणारा एसटीतून निवृत्त झालेला ड्रायव्हर होता, पांढरी मिशी, पायात चपला. पाट्यांवर त्यानं फार वेळ घालवला नाही. एकदम विचारलं, "पुढचा ब्रेक कोण कोण लावत न्हाय? खरं सांगा, दंड न्हाय करत मी."

हॉलमधले बहुतेक हात वर गेले. माझाही गेला.

"का?"

"पलटी खाती गाडी," तिघंचौघं एकदम म्हणाले.

"कुणी बघितलीय पलटी खाल्लेली?"

वर गेलेले हात खाली आले.

"चला भायेर."

मैदानावर त्यानं चुन्याची एक आडवी रेघ मारली. मग आपली जुनी गाडी लांबून वेगात आणली आणि रेघेवर आल्याबरोबर नुसता पायातला ब्रेक दाबला. मागचं चाक जाम झालं, गाडी शेपूट हलवत घसरत गेली आणि थांबली. मागं काळी रेघ. पुन्हा तेवढ्याच वेगात आला, या वेळी हात आणि पाय दोन्ही दाबले. गाडीचं तोंड थोडं खाली बसलं आणि ती उभी राहिली. पलटीबिलटी काही नाही.

"थांबायची ताकद पुढच्या चाकात असती," तो म्हणाला. "ब्रेक मारला की सगळा भार पुढं येतो. मागचं चाक हलकं व्हतं, निस्तं घसरतं. झटका मारायचा न्हाय, दाबत न्यायचा. एवढंच शिकायचंय." मग माझ्याकडं बघून, "मालक, तुमी मोठे दिसता. जरा पावलं टाका, सांगा ह्या लोकास्नी."

मी पावलं टाकली. पहिल्या वेळची एकोणीस. दुसऱ्या वेळची दहा. आकडा मी मोठ्यानं सांगितला आणि तिथंच उभा राहिलो. ही रेघ मी आधी बघितली होती. अशीच सरळ, पुढं अशीच वाकडी. सव्वीस पावलं. पुढचा ब्रेक लागला असता तर त्यातली निम्मी वाचली असती, आणि त्याला तेवढीही नको होती. पाच-सात पावलं आधी गाडी थांबली असती तरी तो ट्रॅक्टरवाल्याला आईबहिणीवरून बोलून घरी जेवायला आला असता.

लोक आत गेले. भावजय माझ्याजवळ येऊन उभी राहिली. मला तिच्याकडं बघता आलं नाही. मी म्हणालो, "त्याचा ब्रेक मी ढिला केला व्हता."

"मला म्हाईत हाय."

"कसं?"

"तेच सांगायचे की," ती म्हणाली. "गाडी आणली त्या दिशी मला मागं बसवलं आन् म्हणले, भ्यायचं न्हाय, दादानं सवताच्या हातानं ब्रेक ढिला करून दिलाय."

ती रडली नाही, मीही नाही. तिनं मला दोष दिला असता तर मला भांडता आलं असतं. भांडणात मी कधी मागं पडत नाही.

वर्ग संपल्यावर हजेरीचं रजिस्टर फिरलं. आपली सही करता करता ती थांबली आणि त्या मास्तरांना म्हणाली, "आमच्या मालकाचं नाव तुमच्या जुन्या रजिस्टरात असंल का? त्यांनी बी हितूनच काढलं व्हतं." मास्तरांनी लोखंडी पेटीतून मागची रजिस्टरं काढली. महिना सांगितला, दिवस सापडला. भावाचं नाव होतं. समोर सहीही होती. मराठीत, नीट, वळणदार.

"ही त्यांची न्हाय," भावजय म्हणाली. "ते कानडीत करायचे."

मी पान उजेडाकडं धरलं. भावाचं धरून वर-खाली मिळून अकरा नावं, अकराही सह्या एकाच हाताच्या, एकाच शाईच्या. 'र'ची शेपटीसुद्धा सगळीकडं सारखी. मास्तरांचा चेहरा उतरला. "मालक, देवाशपथ, ही माणसं माझ्यापुढं बसलेली न्हाईत. मी शिकवून निघून जातो. रजिस्टर टेबलावर ऱ्हातं. कोण येतं, काय करतं…"

त्याच दुपारी मी एजंटाच्या दुकानात शिरलो.

"सही कुणी केली?"

"कसली सही, मालक?"

"माझ्या भावाची. वर्गाच्या हजेरीवर."

त्यानं मशीनचं झाकण शांतपणे खाली केलं. "तुमी एक हेलपाटा मागितला, म्या दिला. आता सही कुणी केली इचारता?"

"नाव सांग."

"कुणीतरी केली असंल. असल्या सह्या व्हत्यात."

मी त्याची गचांडी धरली. झेरॉक्सला आलेल्या दोन बायका कागद घेऊन बाहेर सरकल्या. तो जराही घाबरला नाही. हळूच म्हणाला, "सांगतो नाव. आदी तुमी सांगा. तुमच्या शेडातून ढिल्या ब्रेकच्या किती गाड्या गेल्या? त्यांची नावं हायेत का तुमच्याकडं?"

माझा हात सुटला. आयुष्यात पहिल्यांदा मी सौदा अर्ध्यात सोडला.

मी आलो आणि शेडातल्या सगळ्या गाड्यांचे नट त्याच संध्याकाळी कसले. जुन्या गिऱ्हाइकांपैकी जे आठवले त्यांना फोन लावले, जे रस्त्यात दिसले त्यांना थांबवलं. काहीजण आले. काही हसले. "मालक, म्हातारपणी आमाला पलटी करता का?" अणदूरच्या एका शेतकऱ्याच्या गाडीचा नट मी रस्त्याकडेला वाकून कसून दिला. त्यानं माझ्यासमोर डिकीतून पाना काढला आणि तो पुन्हा चार आटे मागं घेतला. त्याला मी ओरडलो, हात जोडले. गाडीला किक मारता मारता तो म्हणाला, "धा वर्षांमागं तुमीच सांगितलं व्हतं की."

भावजय पहिल्या टेस्टला नापास झाली. आठात एकदा पाय टेकला. बाहेर एजंटाचा माणूस तिच्याजवळ सरकून म्हणाला, "ताई, करून देऊ का?" ती त्याच्याकडं नुसती बघत राहिली, तो निघून गेला. पुढच्या कॅम्पला ती पास झाली. आता वस्त्यांवर एकटी जाते. निघायच्या आधी रोज उजव्या हातातला ब्रेक दाबून बघते. माझ्या शेडासमोरून जाते, हॉर्न वाजवत नाही. घरी बोलते, लागेल तेवढं. तिच्या हातचा चहा मला मिळतो. पण भावाचं नाव आमच्यात निघत नाही.

मी आरटीओ ऑफिसात अर्ज दिला आहे. अकरा नावांचं पान, तारीख, सह्यांचा प्रकार, सगळं लिहून. भाऊ सोडून उरलेल्या दहांपैकी दोघांना मी गाठलं. दोघांनाही वर्गात काय शिकवतात ते माहीत नव्हतं. एकाला तर आपली सही तिथं आहे हेच माहीत नव्हतं. अर्जाची पोच मिळाली, उत्तर नाही. खिडकीपाशी गेलो की सांगतात, चौकशी चालू आहे. एजंट समोरच आहे. रोज शटर वर करतो, मला नमस्कारही करतो.

नट मी ढिला केला. भावाला खिडकीपासून मी ओढून आणलं. याचं उत्तर मी देतो आहे, आणि जोवर शेड चालेल तोवर प्रत्येक गिऱ्हाइकापुढं वाकून देत राहीन. पण दोन तास त्याला बाकावर बसवून जे सांगायचं होतं, ते त्यानं ऐकलं असं लिहून देणारा हात माझा नव्हता. तो हात कुणाचा होता? ज्यानं रजिस्टर टेबलावर उघडं ठेवू दिलं त्यानं सांगावं. ज्यानं अकरा सह्या एकसारख्या असताना कागद पुढं सरकवला त्यानं सांगावं. आणि ज्यानं पेन धरला होता त्यानं माझ्या भावजयीच्या घरी यावं, तिच्यासमोर जमिनीवर बसावं, आणि ती सही पुन्हा एकदा करून दाखवावी. वही मी आणून ठेवली आहे.